सांतपणे

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसलेलं माणूस अक्षरं वाचताना घाई करतं. परीक्षेला बसल्यासारखं. चुकलो तर कुणी नापास करेल असं त्याला वाटतं. अशा वेळी समोर उभा असलेला कारागीर त्याच्या नाकावरच्या जड गोल चौकटीतली काच बदलायचा आणि म्हणायचा, "सांतपणे वाचा. अक्सरं कुठं पळून जात नाहीत. ही बरी, की आधीची?"

या कारागिरांना श म्हणता येत नसे. त्याचा स व्हायचा. आणि दिवसातून शंभरदा तोंडी येणारा शब्द नेमका 'शांतपणे' हाच होता. दुकानाच्या पाटीवर मालकाचं नाव होतं, पण लोक घरी सांगून निघायचे ते "सांतपण्यांकडे जाऊन येतो" असं. ते आडनावच वाटायचं. एकदा एका गिऱ्हाइकानं लग्नाचं बोलावणं पाठवलं, वर लिहिलेलं, 'श्री. सांतपणे आणि परिवार'. ते बघून सांतपणे स्वतःच पोट धरून हसले. म्हणाले, "नसीब त्यांनी लिहून पाठवलं. मी वाचून दाखवलं असतं तर पहिल्याच अक्सराची स्त्री झाली असती."

दुकानात ते आले तेव्हा पडद्यामागच्या कामाला आले होते. तिथं काच घासायचं यंत्र होतं. पाण्याची बारीक धार, फिरणारं चाक, आणि चाकाला टेकवलेली काच. चौकटीच्या आकाराची होईपर्यंत ती हातात धरायची. बोलायचं काम नाही म्हणूनच त्यांनी ते पत्करलं होतं. शाळेत त्यांना उभं करून 'शेतात शेळी शिरली' हे वाक्य रोज म्हणायला लावत. वर्गाची करमणूक व्हायची. तेव्हापासून त्यांनी तोंड कमी आणि हात जास्त चालवायचं ठरवलं.

पण एकदा मालक तापानं आडवे झाले. गिऱ्हाईक परत कसं पाठवायचं म्हणून सांतपणे पडद्याबाहेर आले. ते बाहेरच राहिले. म्हातारी माणसं त्यांनाच मागू लागली. मालकांकडे डोळे तपासले की नंबर मिळायचा. सांतपण्यांकडे तपासले की नंबर तर मिळायचाच, वर म्हातारपण काही फार वाईट नसतं असंही वाटायचं.

घासकाम मात्र त्यांनी सोडलं नाही. ओल्या काचेनं त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत करून टाकली होती. नवा फोन घेतला तेव्हा लेकीनं त्यांचं बोट त्यावर टेकवलं. फोन म्हणाला, पुन्हा टेकवा. पुन्हा टेकवलं. पुन्हा टेकवा. दाही बोटं झाली.

"बाबा, तुमच्या बोटांना रेघाच नाहीत!"

"होत्या. लोकांच्या चसम्यांत गेल्या."

मग तिनं चेहऱ्यानं उघडून बघितलं. तेही जमेना. चष्मा लावला की फोन त्यांना ओळखत नसे, काढला की ते फोनला ओळखत नसत. शेवटी फोनला कुलूपच लावायचं नाही असं ठरलं. बाकी कुठं आत जायचं असेल तिथं शब्द टाइप करायचा.

दुपारी दुकानात सामसूम असे. तेव्हा यावर एकदा मोठी चर्चा झाली होती. काउंटरवर बसणाऱ्या पोरीनं ती नंतर बाईंना सांगितली. बाई म्हणजे सांतपण्यांची बायको. त्या शाळेत पहिलीला शिकवतात. अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणते.

मालक म्हणाले होते, "मी पासवर्ड लक्षातच ठेवत नाही. दर वेळी 'विसरलो' दाबायचं. फोनवर कोड येतो, तो टाकायचा, की आत."

"म्हणजे रोज विसरता?" पोरगी म्हणाली.

"रोज. बायकोला पटत नाही, पण साइटवाल्यांना पटतं."

"माझा सगळीकडे एकच. आमच्या मांजरीचं नाव."

"आता आम्हालाही कळला," सांतपणे म्हणाले.

"तुम्हाला कुठं माहीत आहे तिचं नाव?"

"चिंगी."

पोरीचा चेहरा पडला. "काका! कसं कळलं?"

"दिवसभर फोनवर तिचीच चौकसी चाललेली असते. चिंगी जेवली का, चिंगी झोपली का."

मग मालकांनी विचारलं, "तुमचं काय, सांतपणे? बोट चालत नाही, तोंड चालत नाही. कोड तरी मागवत जा."

"नको. कोडबिड फोनवर आला की दुसरं कुणी वाचतं. मला लिहून आत जायलाच आवडतं. दार वाजवून गेल्यासारखं वाटतं."

"आणि विसरलात तर?"

"जिला हाक मारतो ती कसी विसरेन?"

पोरीनं हे सांगितलं तेव्हा बाईंनी पदराचं टोक मुठीत घेतलं.

बाईंना दुरुस्त करायची सवय होती. ती शाळेतून त्यांच्याबरोबर घरी यायची. भाजीवाला असो, बस कंडक्टर असो, समोरच्याचा शब्द वाकडा पडला की बाईंच्या तोंडून सरळ शब्द निघायचाच. त्यात राग नसे. शिंक यावी तसं ते होतं. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात नवऱ्यानं सांगितलं, "संभर पायऱ्या आहेत त्या टेकडीला." बाई म्हणाल्या, "शंभर."

"झाली आमची सहाणी सुरू," तो म्हणाला.

"शहाणी," बाई म्हणाल्या.

तेच त्यांचं नाव पडलं. सहाणी, चहा झाला का. सहाणी, छत्री घे. बाईही दर वेळी हळूच शहाणी म्हणायच्या. कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं, दोघं एकमेकांना ओ देताहेत.

लेक मोठी झाली, दुसऱ्या गावी नोकरीला लागली, मग फोनवर निरोप येऊ जाऊ लागले. सांतपणे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, आणि बोलायचे तसंच लिहायचे. 'सांतपणे ये', 'सनिवारी येतेस का'. सगळीकडे नुसता एस. लेक चिडवायची, "बाबा, लिहिताना तरी एसपुढे एच घाला की!"

"तोंडात नाही तो बोटात कुठून आणू?"

हसण्यावारी जायचं सगळं. एकदा मात्र गेलं नाही.

बाईंचा शाळेनं सत्कार केला होता. सभागृह भरलेलं. कुणीतरी म्हणालं, बाईंच्या मिस्टरांनीही दोन शब्द बोलावेत. सांतपणे नको नको म्हणत वर गेले. त्यांनी घडी केलेला रुमाल उलगडला, पुन्हा घडी केला. म्हणाले, "माझी बायको फार चांगली सिक्सिका आहे."

"शिक्षिका," बाई म्हणाल्या. शेजारी उभ्या होत्या त्या. समोर माइक होता.

सभागृह हसलं. वाईट हसलं असं नाही, प्रेमानंच हसलं. सांतपणेही हसले. "बघा," म्हणाले, "पुरावाच दिला," आणि खाली उतरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना रिक्षात ते बाहेर बघत होते. बाईंनी विचारलं, "लागलं का हो?" ते म्हणाले, "छे गं." पण त्यानंतर चारचौघांत ते उभे राहून कधी बोलले नाहीत. व्हिडिओ काढायचा झाला की कॅमेरा स्वतः धरायचे. फोनवर लेकीशी बोलायची वेळ आली की बाईंकडे द्यायचे. दुकान सोडलं तर त्यांचा आवाज फक्त घरात राहिला.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. सकाळी बाई डबा भरत होत्या. दारातून हाक आली.

"शहाणी, माझा चसमा बघितलास?"

बाईंच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. त्यांनी वळून बघितलं. ते दारात उभे होते. चष्मा नाकावरच होता.

"परत म्हणा."

"शहाणी."

"कसं जमलं?"

"जमलं."

"शाबास!" बाई म्हणाल्या. वर्गात म्हणतात तशाच. त्यांचा चेहरा असा फुलला की बाईंना हसू आवरेना. बाकी सगळे शब्द जिथल्या तिथं होते. चसमा आणखी एकदा बोलण्यात आला तो चसमाच होता. पण तो एक शब्द सुटला होता. त्यानंतर बाईंना येणाऱ्या निरोपांतही तेवढ्या एका शब्दात एसपुढे एच असे. बाईंना वाटलं, वयानं जीभ आपोआप वळली. त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

आणि मग ते गेले.

दुकानातच. पडद्यामागं, स्टुलावर बसल्या बसल्या. यंत्र चालू होतं, पाण्याची धार चालू होती. काउंटरवरच्या पोरीला वाटलं, एवढा वेळ कसली काच घासताहेत. ती बघायला गेली. एका डोळ्याची काच तयार होऊन कापडावर ठेवलेली होती. दुसरी हातात होती.

भेटायला येणारा प्रत्येक जण बाईंना एकच सांगायचा. "शांतपणे गेले हो. काही त्रास झाला नाही. असं शांतपणे जायला नशीब लागतं." बाई मान हलवायच्या. दहाव्या माणसानं तेच म्हटल्यावर त्या उठून आत गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या.

सांतपण्यांचा फोन घरी होता. तो वाजायचा. गिऱ्हाइकांचे फोन.

"सांतपणे आहेत का?"

"नाहीत."

"कधी येतील?"

याचं उत्तर बाईंना देता येत नसे. 'गेले' एवढाच शब्द. पहिलीच्या पुस्तकातला. तो तोंडातून निघत नसे. त्या फोन ठेवून द्यायच्या. माणूस परत करायचा. एक दिवस त्या फोन कंपनीच्या दुकानात गेल्या आणि नंबर बंद करा म्हणाल्या. तिथल्या मुलीनं विचारलं, कारण काय लिहू? बाई म्हणाल्या, "वापर नाही."

फोन मात्र त्यांनी कपाटात टाकला नाही. रोज चार्ज करून ठेवायच्या. घरातल्या वायफायवर तो जिवंत असे. लेक रजा काढून येऊन राहिली होती. तिनं आईसाठी सगळ्या फोनांतून बाबांचा आवाज शोधला. नव्हताच. एका व्हिडिओत त्यांचा खोकला होता. बाग दिसत होती, झोपाळ्यावर लेक दिसत होती, आणि कॅमेऱ्यामागून खोकला. बाई तो खोकला ऐकत बसायच्या. लेक जवळ आली की फोन उलटा ठेवायच्या.

काही महिन्यांनी, लेक पुन्हा रजा काढून आलेली असताना, त्या फोनवर एक सूचना आली. लेकीनं मोठ्यानं वाचली.

'बऱ्याच दिवसांत आपण उच्चारांचा सराव केलेला नाही. महिनाअखेरपर्यंत लॉगिन न केल्यास आपलं खातं आणि आपण केलेली सर्व ध्वनिमुद्रणं कायमची काढून टाकली जातील.'

"उच्चारांचा सराव?" बाई म्हणाल्या.

लेकीनं साइट उघडली. जुनाट धाटणीची होती. बोलायला अडखळणाऱ्या लोकांसाठी. समोर एक शब्द येतो, तो आपण म्हणायचा, आपला आवाज साठवला जातो, मग आपलाच आपण ऐकायचा, पुन्हा म्हणायचा. दारावर खातेदाराचा मोबाइल नंबर आधीच भरलेला होता. बाबांचा. खाली खातं उघडल्याची तारीख होती. सत्काराच्या दुसऱ्या दिवसाची.

दोघी बराच वेळ त्या तारखेकडे बघत राहिल्या.

"आई," लेक म्हणाली, "यात बाबांचा आवाज आहे."

बाईंनी खुर्चीचा हात धरला. "उघड."

आत जायचे दोन रस्ते होते. पासवर्ड, नाहीतर मोबाइलवर येणारा कोड. लेक म्हणाली, कोडच बरा. तिनं सवयीनं बटण दाबलं. आणि दाबल्यावर दोघींना एकदमच आठवलं की तो नंबर आता आपला नाही.

बाईंनी स्वतःच्या फोनवरून तो नंबर लावला. पडद्यावर नाव आलं, 'अहो'. त्यांनी ते बदललेलं नव्हतं. घंटा वाजली. कुणीतरी उचलला.

"कोण?" पुरुषाचा आवाज. मागं गाड्यांचे हॉर्न.

"नमस्कार. तुमच्या फोनवर आत्ता एक कोड आला असेल."

"आला. मग?"

"तो मला सांगता का? हा नंबर आधी माझ्या मिस्टरांचा होता. त्यांचा आवाज आहे हो त्यात. तो पुसून टाकणार आहेत."



"बाई, नवीन आहे ही आयडिया," तो म्हणाला. "दर वेळी बँक असते. या वेळी मेलेला नवरा काढलात?"

"अहो, असं काय बोलता? मी शिक्षिका आहे."

"मागच्या वेळी बँकेचे साहेब होते. माझी आई अशाच एका फोनवर फसली. ठेवा."

त्यानं ठेवला. लेकीनं आपल्या फोनवरून लावून बघितला. मग पुन्हा बाईंनी. दोन्ही नंबर त्यानं ब्लॉक करून टाकले होते.

लेकीनं साइटवाल्यांना लिहिलं. वडील गेले आहेत, दाखला सोबत जोडला आहे. उत्तर आलं, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, सुरक्षेच्या कारणास्तव अशी विनंती खातेदारानं स्वतः लॉगिन करून करावी. लेकीनं ते वाचून दाखवलं आणि हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

उरला पासवर्ड. जुनाट साइट होती, लिहिलेला शब्द ठिपक्यांनी झाकत नसे. चौकटीखाली त्यांनी स्वतःसाठी एक इशारा लिहून ठेवला होता: 'हाक मारतो तसं.'

बाई लगेच म्हणाल्या, "शहाणी."

दुकानातल्या पोरीनं सांगितलेलंही जुळत होतं. लेकीनं बाबांचे आईला आलेले निरोप काढले. तिथं तो शब्द होताच, अनेकदा होता, एसपुढे एच घालून. तिनं तसाच्या तसा लिहिला. चूक. मग मधे ए दोनदा घालून. चूक. मग शेवटी आयऐवजी दोन ई. चूक. पडद्यावर लाल अक्षरं आली: एकच प्रयत्न शिल्लक. त्यानंतर खातं फक्त कोडनं उघडेल.

"थांब," बाई म्हणाल्या. "आता हात लावू नकोस."

त्यांनी फोन चार्जिंगला लावला आणि वर रुमाल टाकला. आजाऱ्याला पांघरूण घालावं तसा.

लेकीचं डोकं चालू होतं. जेवताना म्हणायची, "पहिलं अक्षर मोठं असेल. खूप साइट मोठं अक्षर मागतात. मोठ्या एसनं लिहून बघू?" बाई म्हणायच्या, "जरा थांब." महिना संपत आला होता.

त्या दिवशी शाळेत बाई श शिकवत होत्या. पहिल्या बाकावरची एक चिमुरडी. पुढचे दोन दात पडलेले. ती उठून वाचू लागली, "स सहामृगाचा."

बाईंच्या ओठांवर श आला. आणि तिथंच थांबला.

मुलगी वाट बघत होती. तिला माहीत होतं की बाई आता दुरुस्त करणार. सगळ्या वर्गाला माहीत होतं. बाई खडू हातात धरून उभ्याच राहिल्या. त्यांना सत्कारानंतरची ती रिक्षा दिसत होती. खातं दुसऱ्या दिवशी उघडलं होतं. श जमला तो पुढच्या वर्षी. दारात शहाणी म्हणाले त्याच्या कितीतरी आधी त्यांनी तो पासवर्ड ठेवला होता. जीभ वळली नव्हती तेव्हा. हाक मारतो तसं. शहाणी नव्हे. हाक मारायचे तसं. आणि श शिकले ते एका शब्दापुरतं. शंभर नाही, चष्मा नाही. तेवढं एकच.

"बाई, चुकलं का?" मुलीनं विचारलं.

"नाही गं," बाई म्हणाल्या. "बस."

मधल्या सुट्टीत त्या शेजारच्या बाईंना वर्ग बघायला सांगून घरी निघाल्या. चालत नव्हत्या, पळत होत्या. जिना चढेपर्यंत श्वास पुरेना. लेक टेबलापाशी काम करत बसली होती.

"फोन घे. आधी फोन घे," बाई म्हणाल्या. "कळलं मला."

"काय कळलं? बस आधी. पाणी देऊ?"

"पाणी नको. लिही. एस."

"एस?"

"एसनं लिही, एस! एवढं कसं कळलं नाही मला. आपलं सगळं आयुष्य..." पुढचं त्यांना बोलता येईना. त्या रडत होत्या आणि हसत होत्या. "स... सहाणी. लिही."

"मोठा एस ना? मी तेच म्हणत होते!" लेकीनं रुमाल बाजूला केला. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी कधीची तेच सांगतेय, आई."

तिनं मोठा एस लिहिला. पुढची अक्षरं तिच्या बोटांनी आपोआप लिहिली. आईच्या तोंडून तो शब्द कसा निघाला ते तिनं ऐकलं होतं. पण आई रडत होती, धाप लागली होती. आईच्या तोंडून चुकीचा उच्चार येतो हे तिच्या हातांना माहीतच नव्हतं. एसपुढे एच पडला.

बाईंनी चष्मा पुसून डोळ्यावर चढवला तेव्हा तिनं बटण दाबलेलं होतं.

लाल अक्षरं आली.

"हे पण नाही," लेक म्हणाली. "आई, हे पण नाही गं." तिनं वर बघितलं. "काय झालं? असं काय बघतेस?"

बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. चौकटीतला शब्द तसाच होता. मोठा एस, आणि त्याच्यापुढे एच.

"काय लिहायचं होतं?" लेकीनं विचारलं. आणि विचारता विचारताच तिला ऐकू आलं. आईनं मघाशी म्हटलेलं. तिच्या हातातून फोन टेबलावर पडला. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तो शब्द बरोबर होता की नाही हे आता कुणालाच कळणार नव्हतं. बाईंना खात्री होती. त्या खात्रीचं करायचं काय हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली, लेकीजवळ बसल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला.

"शुद्ध लिहिलंस," त्या म्हणाल्या. "काही चूक नाही त्यात."

त्यानंतर दोघींनी पुष्कळ काही केलं. काउंटरवरच्या पोरीच्या फोनवरून तो नंबर लावला. मालकांच्या फोनवरून लावला. कोडचं नाव निघालं की तो माणूस फोन ठेवून द्यायचा. लेकीनं साइटवाल्यांना पुन्हा लिहिलं, पुन्हा त्यांनी दुःखात सहभाग कळवला. महिना संपला. लेकीची रजाही संपली. जाताना ती बॅग उचलायला वाकली आणि तशीच वाकून उभी राहिली. बाई म्हणाल्या, "गाडी चुकेल."

एका संध्याकाळी बाई मुलांच्या वह्या तपासत बसल्या होत्या. शेजारी त्यांचा फोन वाजू लागला. त्यांनी बघितलं.

पडद्यावर नाव होतं, 'अहो'.

लाल पेन वहीवरून घरंगळत गेलं. फोन वाजत राहिला. तो थांबेल या भीतीनं त्यांनी तो उचलला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. "बाई, मी तो... तुमच्या नंबरवाला. म्हणजे आता माझा आहे तो."

बाईंनी डोळे मिटले. "बोला."

"मेसेज आलाय इथं. खातं बंद केलं म्हणे. सगळी ध्वनिमुद्रणं काढून टाकली, परत मिळणार नाहीत. तुम्ही म्हणत होतात ते हेच का?"

"हो."

"म्हणजे खरं होतं."

"हो."

तो कुठंतरी गाडी बाजूला घेऊन बोलत असावा. मागं हॉर्न नव्हते.

"मला वाटलं... माझ्या आईला फोन आला होता ना, त्या माणसाचा आवाजही असाच साधा होता. म्हणून मी..."

"बरोबर केलंत तुम्ही," बाई म्हणाल्या. "कोड कुणाला सांगायचा नसतो."

 बाईंनाही फोन ठेवता येत नव्हता, त्यालाही.

"एक विचारू का?" तो म्हणाला. "या नंबरावर लोकांचे फोन येतात. सांतपणे आहेत का म्हणून. मी राँग नंबर म्हणतो, तरी परत करतात. परवा एक आजी होत्या. म्हणे, त्यांनाच द्या, मी दुसऱ्या कुणाकडे डोळे दाखवत नाही. कधी येतील ते सांगा. अशांना काय सांगायचं?"

बाईंनी समोरची वही बंद केली. पेन उचलून टोपण लावलं.

"सांगा," त्या म्हणाल्या. "सांगा, सांतपणे गेले."

"बरं. शांतपणे गेले."

"नाही," बाई म्हणाल्या. "स."

"काय?"

"स म्हणा. सांतपणे."

"सांतपणे," तो हळूच म्हणाला. "सांतपणे गेले."

"आता बरोबर," बाई म्हणाल्या.